सहीवाल्या मावशी

सहीवाल्या मावशींच्या मागे बँकेच्या रांगेत उभं राहायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये, असं माझे बाबा म्हणायचे. चार ओळींचा फॉर्म असला तरी मावशी चष्मा पुसणार, पान उलटून मागची बारीक छपाईसुद्धा वाचणार आणि मगच पेन उघडणार. मागून कोणी "माताजी, ज़रा जल्दी" म्हटलं, की त्या न वळता सांगायच्या, "भैया, नाम मेरा जाएगा, तुम्हारा नहीं।"

जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात मावशींनी आयुष्यभर तयार दारूगोळा तपासला. "न बघता सही केली असती, तर कोण्या जवानाच्या हातात फुटलं असतं," एवढंच त्या सांगत. निवृत्तीनंतर त्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आल्या. वर आम्ही, आणि गच्चीवरच्या खोलीत राजू. तो जवळच्या शहपुरा गावचा, बड्या फुहाऱ्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं काम करायचा.

एका दुपारी पोलीस आले. चोरीचे फोन शोधत होते. राजूला घेऊन ते गच्चीवर गेले आणि थोड्याच वेळात सब-इन्स्पेक्टर जिन्यात उतरून आला. झडतीला मोहल्ल्यातले दोन साक्षीदार हवे होते. त्यानं बाबांपुढे कागद धरला. "बाबूजी, बस औपचारिकता है।" बाबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, सरकारी नोकरी, कोणाशी वाकडं नको. त्यांनी कठड्यावर कागद टेकवून सही केली. मी शेजारीच उभी होते. लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते, तरी बाबांना अडवलं नाही.

मग कागद मावशींकडे गेला.

"ये तो कोरा है।"

"भर लेंगे, आंटीजी। आप तो पढ़ी-लिखी हैं, समझती हैं।"

"पढ़ी-लिखी हूँ, इसीलिए पढ़ूँगी। पहले लिखिए। और तलाशी का वीडियो कहाँ है? अब तो बनाना पड़ता है।"

"वो बाद में बना लेंगे।"

"तो साइन भी बाद में।"

गुडघे धरत धरत त्या गच्चीपर्यंत चढल्या. खाटेवर कापडी थैली होती, तिच्यात सात-आठ फोन. मावशी व्हरांड्यात मटार सोलत बसल्या असताना तीच थैली त्यांनी सिपायाच्या हातात वर जाताना पाहिली होती. जिन्यात एव्हाना शेजारपाजार जमलं होतं, त्यामुळे सब-इन्स्पेक्टरला आवाज चढवता येईना. त्यानं चरफडत पंचनामा लिहिला. मावशींनी तो पूर्ण वाचला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'थैला मैंने सिपाही के हाथ में ऊपर जाते देखा। कमरे से निकलते नहीं देखा।' त्याखाली वेळ टाकली, सही केली आणि मला म्हणाल्या, "फोटो काढ याचा. बघत काहून राहिली?"

राजूला खाली नेताना त्यांनी पुन्हा वाट अडवली. "गिरफ़्तारी का कारण लिखकर दिया इसे? शहपुरा में घर पर ख़बर की?" मग त्यांनी तिथंच उभं राहून राजूकडून वडिलांचा नंबर घेतला आणि फोन लावला.

चार दिवसांनी सिपाई निरोप घेऊन आला, बयानासाठी ठाण्यात या. मावशी म्हणाल्या, "औरत का बयान घर पर लिया जाता है। साहब से कहना, चाय बनाऊँगी।" साहेब आले, चहा प्यायले. बयान लिहून झाल्यावर त्यांनी पेन पुढे केलं. मावशींनी हसून हात मागे घेतला. "इस पर साइन होते ही नहीं, साहब। क़ानून आपका ही है।" ते गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "कॉलेजात काय शिकवून राहिले तुम्हाला?" पोलिसांनी घेतलेल्या बयानावर सही नसते, हे कलम मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं.

खटला उभा राहिला. पोलिसांनी साक्षीला बाबांनाच बोलावलं. मावशींना राजूच्या वकिलानं. आदल्या आठवड्यात कोणीतरी बाबांच्या ऑफिसात येऊन पेन्शनची आठवण करून गेलं. बाबा जेवेनासे झाले. मावशी रोज जिन्यात भेटत, "भाऊजी, तब्येत बरी ना?" विचारत आणि पुढे जात.

कोर्टात बाबांना विचारलं, फोन तुमच्यासमोर जप्त झाले का? त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि म्हणाले, "नहीं साहब। मैं ऊपर गया ही नहीं। काग़ज़ कोरा था।"

जप्ती सिद्ध झाली नाही आणि राजू सुटला. निवृत्तीनंतर बाबांची पेन्शन चार-पाच महिने या ना त्या शेऱ्यानं अडली, मग सुरू झाली.

मी मावशींना एकदा म्हटलं, "आणि राजू खरंच चोर निघाला असता तर?"

त्या उसळल्याच. "असता तर शोधायचं होतं ना त्यांनी! चोराच्या घरी गेलं म्हणून थैली आपणच न्यायची काय?"

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. राजू त्याच्या वडिलांना घेऊन आला होता. घाटावरून परतल्यावर बाबा मावशींच्या रिकाम्या व्हरांड्यात बसून राहिले. मी चहा घेऊन गेले.

"तेव्हा त्या तुम्हाला कधीच काही बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"एक शब्द नाही," बाबा म्हणाले. "एकदा जरी बोल लावला असता ना, तर मी कोर्टात खोटं बोलून मोकळा झालो असतो."