विनता देशकरची फी

सप्टेंबर पासष्टच्या लढाईत जबलपुरात भोंगे वाजायचे थांबत नव्हते. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या पाळ्या आठ तासांवरून बारा तासांवर गेल्या होत्या आणि घरोघरी खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवले होते. विनताचे वडील गुणवंत देशकर कारखान्यात लेथवर होते. पहाटे डबा घेऊन सायकलवर निघायचे आणि परत यायचे ते न बोलता जेवून झोपायचे. विनता मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात पंच्याऐंशी मुलं, त्यात नऊ मुली, आणि त्या नऊ जणींत कारखान्याच्या क्वार्टरमधून येणारी ती एकटीच.

त्या दिवसांत कॉलेजचं वातावरण तापलेलं होतं. रक्तदानाला रांगा लागत होत्या. फौजेत डॉक्टर हवेत असं कोणी म्हटलं की बाकांवरून हात वर जात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या डॉक्टर शरच्चंद्र कानडे यांनी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या.

"नाव लिहायचं नाही," ते म्हणाले. "दोनच प्रश्न. पाच वर्षांनी तुम्हाला महिना किती पगार मिळावा असं वाटतं? आणि डॉक्टर होण्यामागे पैसा हे कारण आहे का? खरं लिहा."

मग ते चिठ्ठ्या उघडून वाचू लागले. अडीचशे, सेवा. तीनशे, देशसेवा. एकाने तर मिळेल ते, असंच लिहिलं होतं, त्यावर टाळ्या पडल्या. विसाव्या की पंचविसाव्या चिठ्ठीवर कानडे सर किंचित थांबले.

"बाराशे. हो."

सगळा वर्ग एकदम हसला. पुढच्या बाकावरचा श्रीपाद मागे वळून म्हणाला, "अरे, किस सेठ का लड़का है भाई? मेडिकल में क्यों आ गया, दुकान खोल लेता!" सरसुद्धा हसले. विनताही हसली. चिठ्ठी तिचीच होती.

घरी येईपर्यंत त्या हसण्याने तिला पोखरून काढलं. बसमधून दोन थांबे आधीच उतरून ती चालत आली. पुस्तक उघडलं, मिटलं. आईने विचारलं, "काय झालं वं? असं काय करून राहिली, एका जागी बस ना!" पण बसवेना. हसले ते हसले, त्यात काय. पण आपण का हसलो?

त्या बाराशेच्या मागे कुंदाआत्या होती. गुणवंतांची धाकटी बहीण, शहपुऱ्याच्या बाजूला एका खेड्यात पटवाऱ्याच्या घरी दिलेली. विनता बारा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे गेली होती. आत्याचे दिवस भरले होते. दुपारी कळा सुरू झाल्या आणि दायी घाबरली तेव्हा आत्याच्या नवऱ्याबरोबर विनताच दवाखान्यापर्यंत पळत गेली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतून कंपाउंडर बाहेर आला, बनियनवर, हातात पंखा.

"डाक्टर साब तो तीन महीने हुए, चले गए," तो म्हणाला. "तनखा में पुरा नहीं पड़ता था. बाल-बच्चे शहर में थे."

बैलगाडी जोडली. शहपुरा यायच्या आत आत्या गेली, बाळही गेलं.

नंतर कित्येक वर्षं घरात त्या डॉक्टरचा विषय निघाला की गुणवंत एकच बोलायचे, "पैशासाठी पळाला मेला." सगळे माना डोलवायचे. विनता मात्र त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करायची आणि तिला वाटायचं, त्याला पुरेसे दिले असते तर? तर दाराला कुलूप नसतं. हे ती घरात कधी बोलली नाही. बोलली असती तर बापाला ते सहन झालं नसतं.

चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या दिवशी ती कानडे सरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"सर, ती बाराशेची चिठ्ठी माझी."

सरांनी चष्मा काढला. "तुझी? काहून लिहिलं असं?"

तिने आत्याची हकीकत सांगितली.  मग घाईने म्हणाली, "आणि नुसतं तेवढंच नाही, सर. मला स्वतःलाही पैसे हवेत. सदर बाजारात काचेमागे साड्या असतात, त्या मी बाहेर उभी राहून पाहते. आमच्या घरात पंखा नाही. हे खोटं कशाला सांगू? देशसेवा लिहिणाऱ्या सगळ्यांच्या घरी पंखे आहेत."

कानडे सर हसले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"काल मी हसलो ते चुकलं," ते म्हणाले. "डॉक्टर गावात टिकायचा असेल तर त्याचं पोट भरलं पाहिजे, हे तुझं म्हणणं मला पटतं. माझी बायको शाळेत शिकवते म्हणून माझं घर चालतं, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. पण विनता, बाराशे मिळाले आणि तरी गाव नकोसं झालं, तर?"

 "तेव्हा पाहीन," एवढंच म्हणून ती उठली. पण तो प्रश्न तिच्याबरोबरच जिना उतरला.

सदुसष्टमध्ये इंटर्नशिप संपली तेव्हा तिच्यापुढे दोन कागद होते. नेपियर टाउनमधल्या एका खासगी नर्सिंग होमने सहाशे रुपये कबूल केले होते. दुसरा कागद सरकारी होता. सिहोऱ्याच्या पुढे बसने अर्ध्या तासावर बाजाराचं एक गाव, तिथला दवाखाना. आधीचा डॉक्टर फौजेत गेला होता, जागा वर्षभर रिकामी होती. पगार पावणेतीनशे.

गुणवंतांना यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. "सहाशे! माझ्या साहेबाला मिळतात तेवढे. घरी राहशील, घरचं जेवशील."

विनता आठ दिवस घरात येरझारा घालत होती. सदरला जाऊन तिने ती काच पुन्हा पाहिली, नर्सिंग होमच्या फाटकासमोरून दोनदा चालत गेली. नवव्या दिवशी सरकारी कागदावर सही केली.

"तूच म्हणत होती ना, पैसे पाहिजे म्हणून!" गुणवंत ताडकन उठले. "मग आता काय झालं?"

"पाहिजेतच, बाबा. तिथं राहता यावं म्हणूनच पाहिजेत. इथं राहायला कोणीही राहील."

"मला नाही समजत तुझं."

"मलाही सगळं नाही समजत," ती म्हणाली. हे खरं होतं.

गावात गेल्यावर महिनाभरात तिने एक गोष्ट केली, जिच्यामुळे चहाच्या दुकानात तिचं नाव बराच काळ चघळलं गेलं. तिच्यासारख्या सरकारी डॉक्टरांना ठरलेल्या वेळेबाहेर स्वतःची फी घेण्याची तेव्हा मोकळीक होती. बहुतेक जण ती गुपचूप, माणूस पाहून घ्यायचे. धान्याच्या व्यापाऱ्याकडून पाच, शेतकऱ्याकडून एक, कोणाकडून तुपाचा डबा. विनताने राहत्या घराच्या दारावर पाटी लावली. सकाळी दवाखान्यात सर्वांना मोफत, संध्याकाळी घरी फी दोन रुपये. व्यापारी असो की पाटील, दोन म्हणजे दोन.

"लेडी डाक्टर है कि किराने की दुकान," लोक म्हणाले. नर्स सरोजिनी केरळहून आलेली, आठ वर्षं याच गावात काढलेली. तिला ही पाटी आवडली नाही.

"दीदी, ये लोग पढ़ना नहीं जानते," ती म्हणाली. "जो सुनेंगे, उल्टा सुनेंगे."

"जो सच है वही लिखा है," विनता म्हणाली. "छुपाना नहीं है मुझे."

दवाखाना चालला. सकाळी अंगणात माणूस मावेनासा झाला. संध्याकाळी चार-पाच जण यायचे, आणि पगार व फी मिळून पाचशेच्या वर जाऊ लागले. विनताने टेबलफॅन घेतला, आईला रेशमी साडी पाठवली. आधीचे तीन डॉक्टर मिळून या गावात चार वर्षं राहिले नव्हते. तिने एकटीने चार पूर्ण केली आणि मनाशी म्हणाली, बघा, टिकले. तरीही संध्याकाळी शेवटचा रोगी गेला की तिला घरात बसवत नसे. ओट्यावर यावं, रस्त्याकडे पाहावं, परत आत जावं. कानडे सरांचा प्रश्न अजून कुठेतरी जागाच होता. गाव नकोसं झालं नव्हतं. पण गाव आपलं झालंय का, हेही तिला सांगता आलं नसतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई लागली. जबलपूरच्या कारखान्यांमुळे आसपासच्या गावांनाही दिवे झाकण्याचे हुकूम आले. विनताने खिडक्यांना काळे कागद लावले, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि थंडी म्हणून लवकर जेवून पडली.

सकाळी दार उघडलं तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात एक बाई बसलेली होती. अंगाभोवती एकच लुगडं आणि त्याच्या आत तीन वर्षांची मुलगी. मुलीच्या नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर.

"कब से बैठी हो?" विनताने मुलीला उचलतच विचारलं.

"सांझ से, बाई."

"आवाज क्यों नहीं दी?"

बाईने वर पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या डोळ्यांत, नुसतं सांगणं होतं. "चाय वाले ने कहा, दिया-बत्ती के बाद दो रुपिया लगता है. अपने पास नहीं था. सबेरे मुफत है ना? तो सबेरे की बाट देखी."

विनताने पोरीला उराशी घट्ट धरलं.  ती तशीच धावत दवाखान्यात गेली. सरोजिनीने पाणी उकळायला ठेवलं, पेनिसिलीन दिलं, ऑक्सिजनचं एकच सिलिंडर होतं ते लावलं. दुपारपर्यंत काही खरं नव्हतं. विनता कॉटपासून दारापर्यंत आणि दारापासून कॉटपर्यंत चालत होती. सरोजिनीने एकदा तिचा दंड धरला, "दीदी, बैठो," आणि दोन मिनिटांनी स्वतःच सोडून दिला.

आत्या बैलगाडीत गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. इथे कुलूप नव्हतं. डॉक्टर होती, दार होतं, भिंतीच्या पलीकडे चार हातांवर पलंग होता. आणि तरी ही बाई थंडीत सकाळची वाट पाहत बसली. पगार पुरत होता म्हणून आपण इथे होतो, आणि त्याच पैशाच्या पाटीने तिला बाहेर बसवलं. दोन्ही खरं होतं. एकाने दुसरं खोटं होत नव्हतं, आणि याचंच काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. तिने पेज मागितली. बाई विनताच्या पाया पडायला वाकली तेव्हा विनता मागे सरकली आणि तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिली.

त्या संध्याकाळी तिने पाटी काढली. सरोजिनीला वाटलं, आता ही फी बंद करणार.

"नहीं," विनता म्हणाली. "फीस बंद की तो दो साल में मैं भी चली जाऊँगी. मैं अपने को जानती हूँ."

सुतार शालिग्रामकडून तिने मोठी पाटी करून घेतली. त्यावर वर लिहिलं, तान्हं मूल, बाळंतीण, साप, जखम, श्वास: कधीही या, दार वाजवा, पैसे नाहीत. फी खाली बारीक अक्षरात गेली. दारापाशी पितळी घंटा लागली. बाजाराच्या दिवशी दवंडीवाल्याकडून हेच ओरडून सांगितलं. आणि तिने वरच्या साहेबांना लांबलचक पत्र पाठवलं, की खेड्यात राहणाऱ्या डॉक्टरला जादा भत्ता द्या, म्हणजे त्याला दारात फी घ्यावी लागणार नाही. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं. पुढची सगळी वर्षं ते पत्र जातच राहिलं, एकदा तर तिने त्यावर गावातल्या दोनशे जणांचे अंगठे घेतले.

पण पाटी न वाचणारा ऐकीव गोष्टीवरच चालतो, हे सरोजिनीचं म्हणणं खरंच होतं. संध्याकाळी दाराशी कोणीतरी जिवंत माणूस हवं होतं.

बहात्तरमध्ये गुणवंत निवृत्त झाले. लढाईमुळे त्यांची नोकरी वर्षभर लांबली होती, ती संपली. विनताची आई त्याआधीच गेली होती. रिकाम्या क्वार्टरची किल्ली परत करून ते पत्र्याची ट्रंक घेऊन मुलीकडे आले. पहिले दोन दिवस ओट्यावर नुसते बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खुर्ची उचलून दारापाशी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला हटकू लागले.

"क्या तकलीफ है, भैया? खाँसी? कितने दिन की? तो बैठो, दो रुपया लगेगा, सबेरे आओगे तो नहीं लगेगा." आणि मग मागून कोणी बाई पोर कवटाळून आली की, "तू इधर कहाँ रुकी? सीधी अंदर जा! अंदर जा कहा ना!"

विनताने एकदा विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं समजतं कोणाला आत सोडायचं?"

"लेथवर तीस वर्षं होतो," ते म्हणाले. "आवाजावरून समजते, काय बिघडून राहिलं ते."

त्या गावात ती अकरा वर्षं राहिली. फी दोनाची तीन झाली, पुढे चार. आतल्या खोलीत रोगी तपासताना बाहेरून बापाचा खडा आवाज यायचा. बापाने हटकलेला एखादा बराच वेळ आत आला नाही, किंवा पायऱ्या उतरून कोणी परत चालल्यासारखं वाटलं, की तिचं लक्ष उडायचं. स्टेथोस्कोप रोग्याच्या छातीवर तसाच सोडून ती उठायची आणि दारापर्यंत जाऊन रस्त्यावर पाहून यायची.