ताटाखालचं पाकीट

दादा, वसई रोडच्या फलाटावर तू माझी पत्र्याची पेटी धरून उभा होतास आणि गाडी हलली तरी सोडेनास, आठवतं? एक कडी तुझ्या हातात, एक माझ्या. आई रडली नाही. मला न्यायला आलेल्या कॉन्व्हेंटच्या मदरना ती एवढंच म्हणाली, "भित्री आहे हो, सांभाळून घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांची होते, शूर दिसायची घाई होती.

त्याला पस्तीस वर्षं झाली. जुन्या इंदूरजवळच्या आमच्या कॉन्व्हेंटात आता मलाच मदर म्हणतात. या भागातल्या आमच्या साठेक सिस्टर्सनी कुठे राहायचं, काय करायचं, हे मी ठरवते. मदरपदाच्या निवडणुकीत माझं नाव निघालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मोरीत जाऊन कडी लावून बसले. माझ्या बोलण्यातलं इंदुरी "हौ" नि "बढिया" ऐकून तू फोनवर हसतोस. भाषा बदलली खरी, पण भित्रेपणा अस्सल वसईचाच राहिला.

हल्ली भ्यायला कारणही आहे. झाबुआकडच्या एका पाड्यावर आमचं मुलींचं वसतिगृह आहे. काही माणसं दोनदा फाटकाशी आली, मुलींना बाटवता म्हणून ओरडली. दुसऱ्यांदा दगड पडले. तिथली म्हातारी सिस्टर हाय खाऊन आजारी पडली, तिला परत आणलं. तिच्या जागी कोणी गेलं नाही तर वसतिगृह बंद, आणि त्या मुलींची शाळाही. आमचा नेहमीचा रिक्षावाला तर मला इंदुरातच बजावतो, "सिस्टरजी, माहौल ठीक नहीं है, अकेले मत निकला करो." मग पाड्यावर कोणाला पाठवू?

पाड्यावरची भिली बोली येते एकट्या सिस्टर रीनाला. रीना आपल्याच गावची. तिची आई दर रविवारी मला फोन करते, "बाय, तू आहेस म्हणून मला झोप लागते." मी रीनाच्या नावाचं बदलीचं पत्र लिहिलं आणि फाडलं. मग सलोमीच्या नावाचं लिहिलं. सलोमी झारखंडची, सत्तावीस वर्षांची, आईबाप लहानपणीच गेलेले. माझ्या सल्लागार सिस्टर्सच्या कौन्सिलला सांगितलं, पोरगी दणकट आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण मी कशाला सांगतेय?

रिट्रीटच्या, म्हणजे वर्षातल्या एकांत-प्रार्थनेच्या दिवसांच्या, शेवटच्या सकाळी बदलीचं पाकीट नाश्त्याच्या ताटाखाली ठेवायची आमच्याकडे रीत आहे. खाणं संपेपर्यंत ताट उचलायचं नाही. त्या दिवशी सगळ्या पोहे चिवडत बसल्या. सलोमीने मात्र सगळे संपवले, पत्र वाचलं, भांडी घासली आणि माझ्या खोलीत आली.

"मदर, भाषा तो रीना को आती है. मेरे पीछे कोई रोनेवाला नहीं, इसलिए मुझे भेजा ना?"

रागाने नाही बरं का. किती वाजले विचारावं तसं विचारलं.

आज्ञा पाळायचं व्रत तिचं होतं, मला उत्तर द्यायची सक्ती नव्हती. मी हो म्हणाले. लाज वाटली रे, फार लाज वाटली. माफी मागितली, पत्र परत दे म्हणाले. तिने दिलं नाही. "नहीं मदर, जाऊँगी तो मैं ही." दाराशी जाऊन थांबली. "वहाँ डर लगा तो फोन किसको करूँ?"

"मला कर," म्हणाले.

ती पाड्यावर गेल्यापासून रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो. भाजी काय केली, कोणत्या मुलीला ताप आहे, एवढंच बोलते. मी साडेसहापासून फोन मांडीवर घेऊन बसते. बाकीच्या सिस्टर्सना वाटतं, मदर जप करतात.

तू दर वेळी विचारतोस, घरी कधी येतेस. काय सांगू? वसईला आले की दोन दिवस गाढ झोपते, तिथे माझ्या जिवाला घोर नसतो. जिथे जीव टांगलेला, तेच घर म्हणावं तर आता मला पाड्यावरचं ते वसतिगृहच वाटतं, जिथे मी एक रात्रही राहिले नाही. आज सात वाजून वीस मिनिटं झालीत. तीनदा लावला, उचलत नाही. पत्र इथेच थांबवते, पुन्हा लावून बघते.