खालाची तिरफळं

खालाच्या स्वयंपाकघरात मिठाच्या आधी तिरफळाचा डबा हाताला लागायचा. पोंभुर्ण्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी तिच्याकडे भाड्यानं राहिले. तिचा नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. आसपासच्या लग्नांत जेवणाच्या मोठाल्या देगी शिजवून उतरवणं हाच तिचा धंदा, आणि सारं गाव तिला खालाच म्हणायचं.

तिरफळं जंगलातल्या गावची एक बाई आणून द्यायची. खाला आतलं काळं बी फेकायची, साल तेवढी ठेवायची आणि ठेचून मासोळीच्या रश्श्यात शेवटी टाकायची. पहिल्याच घासाला लिंबाच्या सालीसारखा वास नाकात चढला, जीभ झिणझिणून बधिर झाली. मी घाबरले. खाला हसली. "मरत नाई तू, बेटी. जीभ झोपली, उठंल आता."

रस्सा ती तळहातावर घेऊन चाखायची. एका उन्हाळ्यात ते बंद झालं. "तू सांग, मीठ बराबर हाय का?" मला तो लाड वाटला. मी ऐटीत शेरे मारायची. तिचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला होता, पण दिवसभर गालात तिरफळ असायचं. विचारलं तर म्हणायची, "दात दुखून राह्यला."

मग एका लग्नात देग खारट झाली. माणसं पानावरून उठली. घरी आल्यावर मी जबरदस्तीनं तिचं तोंड उघडायला लावलं. जिभेची अख्खी कड पांढरी पडून फाटली होती. त्यावर ती तिरफळ दाबून धरत होती, दुखणं बधिर व्हावं म्हणून.

"सांगितलं का नाहीस?"

"जीभ कापतीन ना. मंग मी काय करू?"

नागपूरला ऑपरेशनसाठी आत नेताना तिनं माझं मनगट सोडलं नाही. "त्याइले सांग न बेटी, थोडीशी ठेवा म्हना." मी डॉक्टरांना सांगितलं.

ती परत आली ती जिभेविना, नाकात नळी घेऊन. ती गेली त्याच्या चार दिवस आधी मी तिच्या पद्धतीनं मासोळी केली, ताट वाढून वाटी तिच्या नाकाजवळ धरली. तिनं डोळे मिटले. मग तिनं ताट माझ्याकडे सरकवलं आणि बोटानं खुणावलं, जेव.

मी जेवले. ताट रिकामं होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती.