घडीभर भिजवलेले पोहे

पोह्यांच्या पाकिटावर 'चोवीस मिनिटं भिजवा' असं इंग्रजीत मीच छापलं. कोंढा गावात पोह्यांची गिरणी चालवणाऱ्या रुपाताई काटेखाये 'घडीभर भिजवा' एवढंच म्हणाल्या होत्या. पण शाळेत घडी म्हणजे चोवीस मिनिटं शिकवलेली!

त्यांचा दीर कैलाश हे पोहे मस्कतला मागवून विकतो. त्याचा फोन आला, "वहिनी, गिऱ्हाइकायच्या पोह्यायचा लगदा होऊन राहिला. दुसरी खेप धाडू नका."

तीनशे पाकिटं तयार होती. ताई माझ्याकडे वळल्या, "काहून रे, तुह्या घडीचे सेल गेले का?" मग फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, दुकानातच शेगडी मांडा जी. पोहे नुसते धुवा अन् फोडणी देऊन खाऊ घाला."

आठवड्यात कैलाशनं खेप मागितली, पण नव्या लेबलांसकट. ती मीच चिकटवणार, असं ताईंनी ठरवलं. दोनशे साठ पाकिटं गेली. चाळीस लेबलं मी अजून देणं लागतो.