घरमालकांनी न घेतलेलं कॉफीचं मशीन

एखादी वस्तू विकत न घेण्यासाठी जी चिकाटी लागते, ती देवाने सगळीच्या सगळी आमच्या घरमालकांना देऊन टाकली असावी. जगाच्या वाट्याला तिच्यातलं काही उरलेलं नाही. तेवढ्या वेळात लोक लग्नं जुळवतात, घरं बांधतात, एखादी निवडणूक लढवून हरतातसुद्धा. आणि हे गृहस्थ आपल्या दोन खोल्या-स्वयंपाकघरासाठी कॉफीचं मशीन कोणतं घ्यावं याचाच विचार करत असतात. हा विचार तीन वर्षं चालला. मी माडीवरचा भाडेकरू, त्यामुळे मला त्या विचारात भाग घ्यावा लागला. मी साताऱ्याकडचा, जन्मभर चहा पिणारा माणूस. फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन आणि काढा यांतला फरक मला म्हैसुरात येऊन वर्ष झालं तरी सांगता येत नव्हता. पण सरस्वतीपुरमच्या त्या गल्लीत मराठी कळणारा दुसरा कुणी नव्हता आणि घरमालकांना सल्ला मराठीतच हवा असे.

घराणं म्हैसुरात किती पिढ्यांपासून आहे हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. मराठी घरात टिकलंय, पण वाक्य मराठीत सुरू झालं की कानडीत कुठे वळेल याचा भरवसा नाही. "आमचं मराठी स्वल्प जुनं आहे बघा, तुम्हीच सांभाळून घ्यायचं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याच दमात "चहा पिता काय?" असंही विचारलं, घरात कुणाला क्षय वगैरे आहे का विचारावं तशा हलक्या आवाजात. मी हो म्हटल्यावर ते "असू दे, सवय जाते," म्हणाले.

त्यांची नोकरी सगळी वजनमाप खात्यात, निरीक्षक म्हणून. तराजू, काटे, लिटरची मापं यांच्याकडे संशयाने बघण्यात पस्तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण संशय राहिला. म्हैसुरात मोगऱ्याचा गजरा हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप. बायकोच्या फोटोला ते रोज हार घालतात, तेव्हा फुलवाली रोजची. तिचा हात आखूड आहे असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दुसरी शोधायला घेतली. वर्षभराने उंच, लांब हातांची एक बाई सापडली. आठवडाभर स्वारी खुशीत होती. मग ती फुलं सैल गुंफते असं निघालं आणि ते मुकाट्याने पहिलीकडे परत गेले. "तिचा हात आखूड, पण मन घट्ट," म्हणाले. पहिलीनेही त्या दिवसापासून चार फुलं जास्त घालायला सुरुवात केली, ती त्यांनी मोजली आणि मला सांगितली.

या माणसाच्या डोक्यात मशीन शिरलं ते मुलीमुळे. मुलगी जर्मनीत असते. आई होती तोवर दर रविवारी चार वाजता मायलेकी तासभर बोलायच्या आणि शेवटी फोन यांच्या हातात यायचा. "सगळं बरं?" "बरं अप्पा." "मग ठेवू?" इतकंच. आई गेली आणि फोन सरळ यांच्याकडेच येऊ लागला. तीन वाक्यं अर्ध्या मिनिटात संपत आणि मग दोघंही पडद्यावर एकमेकांकडे बघत बसत. अशात एका रविवारी तिच्या हातातला कप यांना दिसला. तिने सहज सांगितलं की घरी मशीन आहे, बटण दाबलं की कॉफी येते, तुम्हीपण एक घ्या की अप्पा. कुठलं घेऊ, असं यांनी विचारलं. "चाळीस मिनिटं बोलली," दुसऱ्या दिवशी जिन्यात मला अडवून ते म्हणाले, "घड्याळ बघितलं की मी. चाळीस!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. मी मात्र त्यातून इतकाच अर्थ काढला की म्हाताऱ्याला मशीन हवंय. माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती, कोण जाणे.

मग तपासणी सुरू झाली. एक लांबडी वही आली, तिच्यात एकेका मशीनला एकेक पान, आणि दोषाला एक लाल फुली. दुकानात जाताना हे घरून दुधाचा डबा आणि आपली नेहमीची पूड घेऊन जायचे, कारण परक्या पुडीवर मशीनची परीक्षा होत नाही असं त्यांचं म्हणणं. आता त्यांच्या फिल्टर कॉफीच्या पुडीत चिकोरी मिसळलेली असते आणि ती ओली झाली की चिकट होते. पहिल्याच दुकानात ती मशीनच्या गळ्यात अशी बसली की मशीन आधी गुरगुरलं, मग उचकी लागल्यासारखं हललं आणि गप्प झालं. विकणारा मुलगा रडायच्या बेतात आला. यांनी शांतपणे वही उघडली, "आमची पूड पचत नाही" असं लिहिलं आणि लाल फुली मारली. त्यानंतर त्या दुकानात आमचं स्वागत दारातच होत असे आणि निरोपही तिथेच मिळे. दुसऱ्या एका दुकानात टेबलाशी बसवून फेसाची कॉफी दिली. यांनी चमच्याने फेस सगळा बशीत काढला, खाली उरलेली कॉफी कप तिरका करून बघितली आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अय्यो, अर्धा कप वारा आहे की हा! हे मापात पाप झालं." शेजारच्या टेबलावरच्या दोघी आपापल्या कपात डोकावून बघू लागल्या.

एकदा आम्ही म्हैसूरजवळच्या येलवालला गेलो. त्यांचे खात्यातले जुने स्नेही तिथे राहतात आणि त्यांच्या मुलाने त्यांना मशीन आणून दिलं होतं. चालतं मशीन घरात बघायला मिळणार म्हणून हे सकाळपासून काहीही न पिता निघाले. मशीन होतं. दिवाणखान्यात मधोमध, क्रोशाच्या झाकणाखाली. झाकण काढलं तर वर दसऱ्यातल्या आयुधपूजेचं हळदकुंकू आणि वाळून काळं पडलेलं शेवंतीचं फूल. "वर्षातून एकदा पूजेला काढतो," स्नेही अभिमानाने म्हणाले, आणि आतून त्यांच्या सौभाग्यवतींनी पितळी फिल्टरची वाफाळती कॉफी लोट्यांतून आणली. आमचे घरमालक ती प्यायले आणि त्यांनी डोळे मिटले. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, मशीनचं काय? "काफी आमच्या हिच्यासारखी होती हो," इतकंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि या सगळ्याचा अहवाल रविवारी चार वाजता जर्मनीला जायचा. फोन कानाशी धरायची त्यांना सवय नाही, मोठा आवाज लावून ते व्हरांड्यात बसतात, त्यामुळे जिन्यात मला सगळं ऐकू येई. हे एकेका मशीनचे गुण सांगत आणि ती, इतकी शिकलेली मुलगी, प्रत्येकात काहीतरी खोट काढी. "अप्पा, त्याचा पाण्याचा टँक मागे आहे. किती कटकट होईल!" "मग पुढं टँकवालं बघतो." "पण तो प्लास्टिकचा असला तर? नको, सिरियसली, अजून एक आठवडा बघा." म्हणजे आणखी एक आठवडा, आणखी एक दुकान, आणखी एक रविवार. बापापेक्षा लेक सवाई, असं मनाशी म्हणत मी वर जायचो.

शेवटी गेल्या वर्षी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली आणि मी शहाणपणा केला. ते देवळात गेले असताना वही उघडली, सगळ्यात कमी फुल्या ज्या पानावर होत्या ते मशीन मोबाईलवरून मागवलं आणि वाढदिवसाच्या सकाळी खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. वाटलं, म्हातारा मिठी मारेल. त्यांनी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खोक्याकडे. "आयतु," म्हणाले. झालं तर मग, अशा अर्थाचा तो कानडी शब्द मी रोज दहादा ऐकतो, पण इतका हळू कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले. अगदी रीतसर.

मशीन उत्तम निघालं, हेच वाईट झालं. पहिल्या रविवारी फोन चार मिनिटं चालला. "मशीन कसं आहे अप्पा?" "छान आहे." "काही प्रॉब्लेम?" "काही नाही." त्याच्या पुढच्या रविवारी दोन मिनिटं. तिसऱ्या रविवारी पुन्हा ती जुनी तीन वाक्यं आली, आणि फोन बंद झाल्यावरही हे तो हातात धरून बसलेले मला दिसले. मी जिन्यातून खाली उतरलो नाही, वरही गेलो नाही. तिथेच उभा राहिलो. माझा मला राग आला.

त्याच आठवड्यात मुलीचा मला मोबाईलवर निरोप आला, बोलून पाठवलेला; नंबर तिने वडिलांकडून घेतला असावा. "दादा, मशीन मस्त आहे, थँक्स हं. पण खरं सांगू? मी मुद्दाम नको नको म्हणत होते. मला मशीनमधलं काही कळत नाही, इथलं माझ्या रूममेटने घेतलंय. अप्पांशी दुसरं काय बोलायचं, मला येतच नाही." शेवटी ती हसायला गेली, पण ते हसणं जमलं नाही.

मी तो निरोप घेऊन खाली गेलो. चूक कबूल करायची होती, आणि मुलीचं गुपित फोडलं तरी चालेल, निदान त्यांना कळू दे असं वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "ठाऊक होतं की मला. टँक मागं असला तर काय बिघडतंय? पस्तीस वर्षं खोटी मापं पकडली मी, पोरीचं खोटं पकडणार नाही होय? पण सोडून दिलं. नोकरीत असं कधी केलं नव्हतं." मी म्हटलं, "मशीन परत पाठवू का? सांगू बिघडलं म्हणून?" "बेडा, बेडा," ते घाईने म्हणाले, नको नको. "आता किती दिवस मशीनच्या मागं लपायचं? बोलायचं ते दुसरंच आहे. पण ते तोंडातून येत नाही हो."

रविवारी चार वाजता मी मुद्दामच जिन्यात बसलो, लाज सोडून. फोन आला. "सगळं बरं?" हे म्हणाले. "बरं अप्पा," ती म्हणाली. आता तिसरं वाक्य येणार म्हणून मी कान टवकारले. ते आलं नाही. व्हरांड्यातली खुर्ची करकरली, रस्त्यावरून एक स्कूटर गेली, आणि मग त्यांचा आवाज आला, घसा न खाकरता, अगदी साधा.

"तुझ्या आईची याद येते गं मला. दररोज येते."

मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, तो जर्मनीतला की व्हरांड्यातला, मला कळलं नाही. "मलापण अप्पा," ती म्हणाली. त्यानंतर कितीतरी वेळ फोन कुणीच ठेवला नाही.