दुसऱ्याच्या नावाची जर्सी

"अरे, प्लॅस्टिकच्या पाया काय पडतोस? कॅनडा आहे हे!"

सरावाचा पहिला दिवस. कबड्डीतून रग्बीत आलेला मी. मैदानात उतरताना माती कपाळाला लावायची, ही लहानपणापासूनची सवय. इथलं गवत खोटं आहे हे हात लागल्यावर कळलं. टीम हसली. सगळ्यात मोठ्यानं हसले ते हे बोलणारे काका.

काका म्हणजे ओकव्हिल या श्रीमंत उपनगरातले. मूळचे पुण्याचे, आता रग्बी लीगच्या या क्लबचे एक मालक. मला सांगलीहून बोलावलं त्यांनीच. "तू फक्त ये. वर्क परमिटचं मी बघतो."

परमिट आलंच नाही. आपल्या देशाकडून मोठे सामने खेळलेल्या परदेशी खेळाडूलाच ते मिळतं, आणि माझा देश या खेळात कुणाच्या खिजगणतीत नाही. काकांना हे आधीच ठाऊक होतं. मी व्हिजिटर व्हिसावर. सरावात सगळ्यांची टक्कर अंगावर घ्यायची, सामन्याला बाहेर बसायचं.

राहायला त्यांचं बेसमेंट. बर्फ पडला की फावडं माझ्या हातात.

"कर रे शोव्हल. तुम्हा लोकांना सवय असते."

तुम्हा लोकांना! आडनाव आल्या आल्याच विचारून झालं होतं. चहा मला कागदी कपात, घरच्यांना चिनी मातीच्या. आणि हेच काका इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर समतेवर बोलायचे. थू! तरी मी बर्फ उपसत राहिलो. मला खेळायचं होतं.

उन्हाळ्यात, ऐन सामन्याआधी आमच्या एका खेळाडूचा घोटा मुरगळला. इथेच जन्मलेला पंजाबी पोरगा. काकांनी त्याची जर्सी माझ्या अंगावर फेकली.

"घाल. त्याच्या नावानं खेळ."

"पकडलं तर कायमचं हाकलतील मला. पुन्हा व्हिसा मिळणार नाही."

"कोण बघतंय? गोऱ्यांना तुम्ही दोघं सारखेच. आणि नाहीतरी इथे तू आहेस कोण?"

मी जर्सी घातली. मैदानाच्या कडेला आलो. सवयीनं वाकलो आणि हात तिथेच थांबला. या नावानं मी कुठल्या मैदानाला हात लावणार होतो? लाज वाटली. मग संताप आला, असा की कानशिलं तापली.

जर्सी काढली. उघड्या अंगानं, सगळ्या टीमसमोर, ती काकांच्या हातात कोंबली.

"साहेब, तुम्हीच घाला. गोऱ्यांना आपण तिघंही सारखेच दिसतो."

काकांचा चेहरा पडला. ओकव्हिलचं घर, मोठी गाडी, इतकी वर्षं घासून घासून आणलेला इंग्रजी उच्चार. एवढं सगळं करून माझ्या रांगेत! शिव्या दिल्या असत्या तर पचवल्या असत्या त्यांनी. हे पचलं नाही.

त्याच दिवशी मी बेसमेंट सोडलं आणि परतीचं तिकीट काढलं.

माझा देश खिजगणतीत नाही ना? मग आम्ही टीम उभी करू, हरू, पुन्हा खेळू. परमिट मिळालं तर येईन, पाठीवर माझंच आडनाव घेऊन. नाही मिळालं तर येणार नाही. वाकेन ते फक्त मैदानापुढे.