गेंदीची खोळ

आमच्या घरी बाळ सांभाळायला ठेवलेल्या बाईने पहिल्या आठ दिवसांत बाळाला एकदाही उचलले नाही, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. दोष सगळा माझा. (म्हणून तर हे मी आजवर कोणाला सांगितले नाही.)

माझे बाळंतपण देवासला आईकडे झाले. चार महिन्यांचे बाळ घेऊन मी धारला परत आले, तेव्हा घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. जाऊ नाही, नणंद नाही. यजमान दरबारच्या कचेरीत नकला करण्याच्या कामावर. दहाला जेवून जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर घरात मी, बाळ आणि एक पाल. आईची इतकी आठवण यायची की मी पालीशी बोलू लागले. एकदा ते इकडून ऐकले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी बाळाला सांभाळायला बाई ठरली!

तिचे नाव गेंदी. माहेर तिरल्याकडचे, सासर आमच्या मागच्याच गल्लीत. नवरा गाडी हाकायचा. लग्नाला बारा वर्षे झाली होती, पण मूलबाळ नव्हते.

घरात आलेल्या बाईला परके वाटू देऊ नये, अशी आईची शिकवण. (आईने हे पाहुण्यांबद्दल सांगितले होते, ते मी विसरले.) मी गेंदीला पाट मांडला. ती पाटाशेजारी जमिनीवर बसली.

"अगं, पाटावर बैस ना."

"नी बाईसाब, म्हूं नीचे ज ठीक हूं."

मग मला माझ्या पाटाची लाज वाटली. मीही खाली उतरले. आता आम्ही दोघी जमिनीवर, आणि दोन पाट मध्ये थोरामोठ्यांसारखे रिकामे! तिने घूंघट ओढलेला, मी मान खाली घातलेली. दोन नवऱ्या मुली एकमेकींनाच बघायला आल्यासारख्या आम्ही दोन दिवस बसून काढले. बाळ रडले की मीच धावायचे. तिला कशाला उठवा? नवीन आहे बिचारी!

दुपारी तिला पाठ टेकता यावी म्हणून मी एक नवी उशी शिवली आणि ताज्या कापसाने भरली. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. सवाष्ण घरात आहे आणि तिची ओटी भरायची नाही? मी कुंकू लावले आणि तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण आणि देवासहून आईने दिलेला एकुलता एक नारळ घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

गेंदीने पदर पसरला, पण ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हारी?" ती म्हणाली. "म्हारी खोळ भरी, बाईसाब?"

खोळ! मला केवढा आनंद झाला. तिच्या माळवीतला एक शब्द तरी पुरा कळला! उशीचे विचारते आहे.

"हो तर! तुझीच खोळ. माझ्या हातांनी भरली. चांगली दाबून!"

"सच्ची?"

"अगं, हात लावून बघ!"

तिने स्वतःच्या पोटाला हात लावला. (मला वाटले, दुखते आहे.)

"कित्ता म्हैना, बाईसाब?"

किती महिने कामावर ठेवणार, हे कोणीही विचारीलच. मी म्हटले, "चार तर धरूनच चाल. पुढचं देवाच्या हाती."

गेंदी रडायला लागली. नोकरी लागल्यावर इतके रडणारे माणूस मी पहिल्यानेच पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून हळूहळू आली. बाळ रडले तेव्हा म्हणाली, "म्हारे भार नी उठाणो, बाईसाब." कंबर धरली असेल, म्हणून मी तिला उशीला टेकवून बसवले. मग तिने चिंच मागितली. मी चिंच दिली. मग आणखी मागितली. मी गूळ लावून दिली! बाळ माझ्या कडेवर, पोळी तव्यावर, आणि बाळ सांभाळणारी बाई उशीला टेकून चिंच चोखते आहे!

पण खरे सांगायचे तर इतके सुखाचे दिवस मला धारमध्ये आले नव्हते. गेंदीचा घूंघट गेला आणि ती बोलू लागली. तिच्या आईचे शेत, आईची म्हैस, आई वारली तो दिवस. मला अर्धे कळायचे. मी देवासची टेकडी सांगायचे, आईच्या हातचे मेतकूट सांगायचे. तिला अर्धे कळायचे. दोन अर्ध्यांत दुपार पुरी व्हायची. पाल कुठे गेली, ते मी पाहिलेसुद्धा नाही.

आठव्या दिवशी, रविवारी, दारात गाणे ऐकू आले. गेंदीची सासू, बरोबर शेजारच्या दोघी, ताटात गूळ. सासूने माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

"बाईसाब, थांको मूंडो मीठो! पाच म्हैना में म्हारे पोतो आवेगा!"

यजमान घरीच होते. त्यांना माळवी चांगली येते. ते ओटीवरून आत आले ते पांढरेफटक पडून.

"खोळ भरणं म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

गुळामुळे मला नीट बोलता येईना. "उशीत कापूस घालणं."

"उशीत नव्हे! पोटुशीची ओटी भरतात, त्याला इकडे खोळ भरणं म्हणतात. त्या बाईला चार महिन्यांची ठरवलीस तू!"

"मी?"

"मग मी?" असे म्हणताच त्यांना एकाएकी कसला तरी महत्त्वाचा कागद आठवला, आणि ते आतल्या खोलीत गेले.

बाहेर सासू सांगत होती. तिने मुलासाठी धरमपुरीकडची दुसरी बायको पाहून ठेवली होती. खोळ भरल्याचे कळताच त्यांना नकार धाडला. आता ती गेंदीच्या रोटीवर स्वतःच्या हाताने तूप घालीत होती. शेजारणीने शंका काढली तेव्हा सासूनेच तिला गप्प केले होते, "बाईसाब चार किताब पढी हे! झूठ बोलेगा कई?"

माझ्या चार इयत्ता अशा कामी आल्या!

गेंदी दाराशी उभी होती. मी बोलले तर हिचे घर जाते, नाही बोलले तर पाच महिन्यांनी जाते. मी परक्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडले, आणि जी मराठी-माळवी बाहेर पडली ती ऐकून बाळसुद्धा रडायचे थांबले.

"माझी चूक झाली. गेंदी पेट से नी हे. आमच्यात सवाष्ण घरी आली की खोळ भरतो. पेट का काई नी!"

गाणे थांबले. सासूने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"सगळी की भरो?"

"हो."

"बुड्ढी की बी?"

"म्हातारा आहे ना? मग बुड्ढी की बी."

सासू मट्टकन खाली बसली आणि तिने पदर पसरला. "तो म्हारी बी भर!"

एक शेजारीण फिसकन हसली आणि तीही बसली. मग दुसरी. नारळ संपलेला, म्हणून मी सुपाऱ्यांवर भागवले. घटकाभरात माझ्या घरात चार पोटुशा! सासू पोटावर हात फिरवीत हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. उठताना म्हणाली, "धरमपुरी वाळा ने तो ना के दी. अबे फेर पूछवा कुण जावे!" आणि गुळाचे ताट आमच्याकडेच ठेवून गेली.

गेंदी मात्र हसली नाही. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "पेट ने तो पेलां ज के दियो थो, बाईसाब. म्हूं ज नी सुणी." पोटाने आधीच सांगितले होते, तिनेच ऐकले नव्हते.

मग ती उठली आणि पाळण्यातून बाळाला तिने पहिल्यांदा उचलले.

गेंदीला पुढेही मूल झाले नाही. दुसरी बायकोही आली नाही. सहा वर्षे ती आमच्याकडे होती. मग नवऱ्याबरोबर धरमपुरीला गेली, आणि नर्मदेकाठून निरोप तरी कोण आणणार? बाळ कितीतरी दिवस तिची वाट पाहत पायरीवर बसायचा. मीही पाहायचे, फक्त दाराआडून.

पण त्या रविवारचे एक सांगायचे राहिले. गेंदीने बाळाला उचलले, पोटाशी धरले, आणि मला एकदम आई आठवून हुंदकाच फुटला. तिने एक हात मोकळा केला आणि मला जवळ ओढले. त्या दुपारी गेंदीने दोन पोरे सांभाळली. धाकटे लवकर निजले.